किलिमांजारो : पाच दिवसांत की सात दिवसांत?

प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात किलिमांजारोच्या नावापुढे दिवसांचे आकडे मांडलेले असतात, साडीच्या दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात तसे. पाच दिवस, सहा दिवस, सात, आठ, नऊ. शिखर तेच, उंचीही तीच. मग ज्याचे दिवस कमी त्याचा खर्च कमी आणि रजाही कमी, हा हिशेब कोणत्याही संसारी माणसाला चटकन पटतो. त्याचे बोट आधी पाचाच्या आकड्यावर जाते.

आमच्या घरातही ते तसेच गेले. आम्ही दोघे भोपाळला आणि माझे धाकटे दीर व जाऊ बंगळूरला. दिवाळीत सारे एकत्र जमलो तेव्हा आफ्रिकेचा बेत ठरला. भावजी ४४ वर्षांचे, दर रविवारी वीस-बावीस किलोमीटर धावणारे. त्यांना रजा होती मोजकी. "वहिनी, धावणाऱ्याला पाच दिवस पुष्कळ झाले. सात दिवस काय डोंगरावर गोगलगायीसारखे चालायचे?" असे म्हणून त्यांनी पाच दिवसांची मारंगू वाट घेतली. जाऊबाई साहजिकच त्यांच्याबरोबर गेल्या. आम्ही पन्नाशीच्या आसपासची माणसे. माझ्या पतींचा रक्तदाब थोडा वरचा, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सात दिवसांची मचामे वाट घेतली. दोन्ही जोड्या एकाच दिवशी एकाच डोंगराला दोन बाजूंनी भिडल्या.

लाव्हाचा डोंगर

किलिमांजारो टांझानियात, केनियाच्या सीमेलगत आहे. ५,८९५ मीटर उंचीचे हे आफ्रिका खंडातले सर्वोच्च शिखर. तसा आपला सह्याद्रीही लाव्हाचाच बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा थरावर थर साचत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे दिसतात. किलिमांजारो मात्र शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात असतो तसा शंकूचा ज्वालामुखी. त्यातही एक नव्हे, तीन शंकू : शिरा, मावेंझी आणि किबो. पहिले दोन कायमचे विझलेले. किबो सुप्त आहे. त्याचा मोठा उद्रेक होऊन लाखाहून अधिक वर्षे उलटली असली तरी विवराच्या आतल्या भागात आजही गंधकाचा वास येतो आणि वाफ निघते. आपण चढतो तो किबो. त्याच्या कडेवरचा सर्वात उंच बिंदू म्हणजे उहुरू शिखर. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा जर्मन सम्राटाचे जुने नाव पुसून हे नाव ठेवले गेले.

(जाता जाता सांगायला हरकत नाही, की २०१० च्या 'रोबोट' चित्रपटातले किलिमांजारोचे गाणे पाहून कोणी या डोंगराची कल्पना करू नये. ते गाणे पेरू देशातल्या माचू पिचूला चित्रित झाले आहे!)

ज्वालामुखी पाहण्याची हौस आपल्या देशात भागवता येणे कठीण. आपला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि तो बोटीतूनच पाहावा लागतो. किलिमांजारोचे आकर्षण असे, की त्यावर चढायला दोरखंड आणि कुऱ्हाडी लागत नाहीत. नेहमीच्या वाटांवर पायांनी चालत जाता येते. माणूस फसतो तो इथेच. चालताच तर यायचे आहे, मग लवकर चालून मोकळे व्हावे, असे वाटते.

आकड्यांच्या मागे काय आहे?

समुद्रसपाटीला असते त्याच्या निम्म्याच्या आसपास हवेचा दाब उहुरू शिखरावर असतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण दाबच कमी असल्यामुळे दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू निम्मा होतो. शरीर यावर उपाय शोधते. श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकू लागतात, त्यामुळे श्वासाला आणखी मोकळीक मिळते. पण या कामाला काही दिवस लागतात आणि ते घाईने करता येत नाही. रोज धावणाऱ्याचे पाय आणि फुप्फुसे मजबूत असतात, पण त्याच्या मूत्रपिंडांना वेळ इतरांइतकाच लागतो. तरुण आणि धडधाकट माणसे उलट जास्त अडचणीत येतात, कारण ती भरभर चालतात.

म्हणून उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचा साधा नियम असा : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. आता भावजींची पाच दिवसांची मारंगू वाट पाहा. पहिली रात्र मांदारा येथे, २,७२० मीटरवर. दुसरी होरोंबोला, ३,७२० वर. तिसऱ्या दिवशी किबोच्या झोपड्यांत, सुमारे ४,७०० वर, आणि त्याच मध्यरात्री उठून शिखराकडे. दररोज हजार मीटर, जणू बहुमजली इमारतीची उद्वाहक! मारंगूचे प्रवेशद्वारच आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्याहून उंच आहे, म्हणजे पहिले पाऊलच कळसूबाईच्या वरून.

या वाटेवर राहायला लाकडी झोपड्या आणि गाद्या आहेत, तंबूत झोपावे लागत नाही. म्हणून ती सोपी समजली जाते. तिचे टोपणनाव कोका कोला वाट आणि मचामेचे व्हिस्की वाट. नावांवर जाऊ नये. गादी मऊ असल्याने डोंगर ठेंगणा होत नाही.

मचामेच्या वाटेचा कस वेगळा आहे. तिथे तिसऱ्या दिवशी तुम्हाला ४,६०० मीटरच्या आसपासच्या लाव्हा टॉवर नावाच्या प्रचंड कातळापर्यंत चढवतात आणि संध्याकाळी पुन्हा सुमारे ३,९५० मीटरवर बारांकोच्या दरीत झोपायला उतरवतात. दिवसा उंच जा, रात्री खाली झोपा. शरीराला धडा मिळतो आणि विश्रांतीही. चौथी रात्र करांगाला, पाचव्या दिवशी बराफू, तिथून मध्यरात्री शिखर. हीच वाट सहा दिवसांतही देतात, पण मग करांगाचा मुक्काम गळतो. बारांकोहून सरळ बराफूला पोचायचे, चार घास खायचे आणि त्याच रात्री उठून बाराशे मीटर चढायचे. पत्रकात फक्त एक दिवस कमी दिसतो. प्रत्यक्षात झोपच कापली जाते.

सात दिवसांची वाटही तो पाचशे मीटरचा नियम प्रत्येक रात्री पाळत नाही, हे सांगितले पाहिजे. पण ती त्याच्या जवळपास राहते.

तेरडा आणि नाचणी

दोन दिवस जास्त घेतल्याचे सुख वाटेवर पहिल्याच दिवशी कळले. घाई नसली की माणूस पाहतो. डोंगराच्या पायथ्याशी चग्गा लोकांच्या केळीच्या बागा आणि कॉफीचे मळे आहेत. केळी आणि नाचणी आंबवून ते म्बेगे नावाचे पेय करतात. आपली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेचीच, हे वाचले होते. डोंगरावर आचाऱ्याने सकाळी 'उजी' नावाची पातळ पेज वाढली तेव्हा मला आंबिलीची आठवण झाली. भाषेतही अशीच ओळखीची माणसे भेटत राहतात. स्वाहिलीत चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका आणि मोटारीला गारी. शेवटच्या तळाचे नाव बराफू, म्हणजे चक्क बर्फ.

शेतांच्या वर दाट, ओले जंगल लागते. काळ्या-पांढऱ्या झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडे वरून पाहत असतात. वाटेच्या कडेला लाल-पिवळी, हत्तीच्या सोंडेसारख्या वळणाची इवली फुले दिसली. आपल्या तेरड्याचीच ही सख्खी बहीण, आणि ती फक्त याच डोंगरावर उगवते. मी तिथे दहा मिनिटे बसले. गाइड हसून म्हणाला, "पोले पोले." हळू हळू. हे दोन शब्द आठवडाभर दिवसातून शंभरदा कानी पडतात. पुढच्या माणसाच्या टाचेकडे पाहत, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे. आमचे हे कचेरीला उशीर झाल्यासारखे चालणारे. पहिले दोन दिवस त्यांना तो वेग म्हणजे शिक्षा वाटली.

जंगल संपले की झुडपे, मग बारांकोच्या दरीत माणसापेक्षा उंच, खोडावर वाळलेल्या पानांचे जाड पांघरूण घेतलेले विचित्र वृक्ष. त्याच्या वर नुसती राख आणि दगड. चार दिवसांत विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत आल्यासारखे वाटते.

रोज संध्याकाळी गाइड आमच्या बोटांना प्राणवायू मोजायचे यंत्र लावी. कोविडच्या दिवसांत घरी हा आकडा ९४ च्या खाली गेला की आपले धाबे दणाणत असे. इथे ८५ दिसले की गाइड पाठ थोपटायचा! त्याहून महत्त्वाचे त्याचे प्रश्न होते. डोके दुखते का? जेवण गेले का? झोप लागली का? खरे उत्तर देणे हा या प्रवासातला सर्वात मोठा शिष्टाचार आहे. पुष्कळजण शिखर हुकेल या भीतीने डोकेदुखी लपवतात.

करांगाचा निरोप

चौथ्या दिवशी सकाळी बारांकोची सुमारे अडीचशे मीटरची कातळभिंत हातापायांनी चढून आम्ही करांगाला पोचलो. दुपारी आमच्या गाइडच्या फोनवर मारंगूच्या बाजूने निरोप आला. तुमच्या माणसांपैकी पुरुषाला रात्रीच खाली होरोंबोला आणले आहे, आता ठीक आहे. बाई वर गेल्या आहेत.

एवढेच. पुढचे दोन तास कसे गेले ते सांगत नाही.

सविस्तर हकीकत नंतर जाऊबाईंकडून कळली. होरोंबोलाच भावजींचे डोके दुखू लागले होते. त्यांनी गोळी घेतली आणि कोणाला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी किबोच्या रुक्ष पठारावरून ते नेहमीप्रमाणे सर्वांच्या पुढे चालत राहिले. संध्याकाळी जेवण समोर आले तसे उलट्या सुरू झाल्या. रात्री नऊच्या सुमारास बाहेर जायला उठले तर पाय सरळ पडेनात, दारूड्यासारखा झोक जाऊ लागला. गाइडने त्यांना एका रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगितले. ते त्यांना जमले नाही. त्यावर गाइडने वाद घातला नाही, सकाळची वाटही पाहिली नाही. दोन मदतनीस आणि डोक्याला बांधायचे दिवे देऊन त्याच क्षणी त्यांना खाली धाडले. होरोंबोला पोचेपर्यंत त्यांची पावले पुष्कळशी सुधारली होती.

झोक जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, स्वस्थ बसूनही धाप लागणे किंवा सतत खोकला येणे, यांपैकी काहीही दिसले तर मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची शक्यता असते. त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. औषधे आणि प्राणवायूची नळकांडी उतरेपर्यंत आधार देतात, एवढेच. त्या गाइडने त्या रात्री दोन तास दवडले असते तर हा लेख लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नसते.

आणि जाऊबाई? नवऱ्याला खाली जाताना पाहून त्यांनाही उतरायचे होते, पण भावजींनीच त्यांना जायला लावले. त्या मुळात सावकाश चालणाऱ्या. त्या सर्वांच्या मागून पोले पोले चालत पहाटे विवराच्या कडेवर गिलमन्स पॉइंटला, म्हणजे ५,६८१ मीटरवर पोचल्या आणि तिथून परत फिरल्या. तिथपर्यंत गेल्याचेही प्रमाणपत्र मिळते. तेव्हा पाच दिवसांत कोणी वर पोचतच नाही, असे नाही. पोचणारे असतात. पण ज्याला जायची सर्वात जास्त खात्री होती तोच गेला नाही.

सात दिवस म्हणजे हमी असेही समजू नये. बराफूहून मध्यरात्री निघालो तेव्हा पाणी बाटलीत गोठत होते. वर जाणारी दिव्यांची रांग आकाशातल्या चांदण्यांत मिसळून गेली होती. स्टेला पॉइंटला उजाडले. तिथे माझ्या पतींची बोटे बधिर झाली होती आणि त्यांना पुढचे पाऊल टाकायची इच्छा उरली नव्हती. "तू जाऊन ये. मी इथून सूर्य पाहिला, माझे झाले," एवढे बोलून ते सहायक गाइडबरोबर उतरले. मी पुढचा तासभर डाव्या हाताला हिमनद्यांच्या पांढऱ्या भिंती पाहत चालले आणि उहुरूच्या पाटीपाशी पोचले. १९१२ ते २००७ या काळात या डोंगरावरचे सुमारे ८५ टक्के बर्फ नाहीसे झाले आहे. उरलेल्याकडे पाहताना आनंद आणि हळहळ एकदमच होते.

मग निवड कशी करावी?

माझे मत स्पष्ट आहे. शिखरावर जायचे असेल तर डोंगरावर किमान सात दिवस द्यावेत, जमले तर आठ. पश्चिमेकडची लेमोशो वाट आठ दिवसांची आहे, तिला शिरा पठाराचा मोकळा प्रदेश लाभला आहे आणि तीही पुढे लाव्हा टॉवर व बारांकोवरूनच जाते. डोंगराला उत्तरेकडून वळसा घालणारी नऊ दिवसांची वाट सर्वात सौम्य, पण तितकीच खर्चिक. तंबू नकोच असेल तर मारंगू जरूर घ्यावी, मात्र सहा दिवसांची. त्यात होरोंबोला एक जादा दिवस मिळतो आणि त्या दिवशी वरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कातळापर्यंत फिरून येता येते. उंब्वे नावाची एक थेट, खडी वाट आहे. तिचा मोह नवख्यांनी धरू नये.

जादा दिवस महाग पडतात हे खरे. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क माणशी, दररोज आणि डॉलरमध्ये घेतले जाते, शिवाय गाइड, आचारी आणि हमाल यांची रोजची मजुरी. मध्यमवर्गीय कुटुंबाला ती रक्कम लहान नाही. पण पैसे वाचवायचे असतील तर दिवस कापण्यापेक्षा उंची कापावी. मारंगूहून मांदारापर्यंतची एका दिवसाची चाल, तिथून जवळच्या माउंडी या छोट्या विवराच्या कडेवर चक्कर आणि संध्याकाळी परत, एवढ्यातही ज्वालामुखी, जंगल आणि माकडे सारे काही पदरात पडते. आजी-आजोबा किंवा लहान मुले बरोबर असतील तर हेच उत्तम, कारण दहा वर्षांखालच्या मुलांना शिखराच्या चढाईला परवानगी नाही. तीन-चार दिवस हाती असतील तर शेजारचा मेरू हा ४,५६६ मीटरचा ज्वालामुखी आहे. तिथे वाटेत जिराफ आणि रानरेडे भेटतात, म्हणून बंदूकधारी रक्षक बरोबर चालतो. पुष्कळ जाणकार किलिमांजारोच्या आधी मेरू करतात, त्यामुळे शरीर उंचीला सरावते. सध्या आमच्या जाऊबाई त्याचीच चौकशी करत आहेत. भावजी अजून रजेचा हिशेब मांडत आहेत.

कसे जाल, कधी जाल?

किलिमांजारोचा स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ अरुशा आणि मोशी या गावांच्या मध्ये आहे. भारतातून बहुतेकजण नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जातात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी लवकर करावी. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते मार्चचा आरंभ हे कोरडे दिवस. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत मोठा पाऊस असतो आणि नोव्हेंबरात छोटा.

गाइडशिवाय चढायला १९९१ पासून मनाई आहे. उंचीसाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा वाचावी. पुष्कळ पॉलिस्या चार-साडेचार हजार मीटरलाच थांबतात, आणि या डोंगराला सहा हजारांची हवी.

कंपनी निवडताना हमालांना मजुरी किती देता, त्यांना तंबू आणि तीन वेळचे जेवण मिळते का, हे जरूर विचारा. एका हमालाला स्वतःच्या सामानासह २० किलोंपर्यंतच ओझे नेता येते. त्यात तुमची पिशवी साधारण १५ किलोंची धरलेली असते. प्रवेशद्वारावर तराजू असतो. टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१९ पासून बंदी आहे, म्हणून मोजे, फराळाचे डबे आणि ओले कपडे बांधायला घरूनच कापडी पिशव्या शिवून न्याव्यात.